मास्तरांच्या टाकीतली वाळू

मास्तरांची चिमूट लागली की कापडानं आपलं कूळ सांगून टाकावं. अंगठा एकदा फिरवायचे आणि ‘दोन धुण्यांत आटणार’ म्हणून मोकळे. चाळीस वर्षांच्या शिवणकामात गिऱ्हाइकांची पोटं सुटली, मास्तरांची चिमूट काही सुटली नाही. बायको गेल्यावर दुकानात दोनच जीव उरले. एक मास्तर, दुसरा तिचा खाऱ्या पाण्यातला नारिंगी मासा.

त्या माशाची टाकी गळायला लागली. मासा बादलीत गेला आणि मास्तर मासेवाल्याकडे. नव्या टाकीत सहा बोटं वाळू हवी होती. खालच्या थरात हवा पोचत नाही, तिथले जंतू पाण्यातली घाण खातात, असं बायको सांगायची.

मासेवाल्यानं तीन घमेली मांडली. पहिली वाळू मास्तरांनी चिमटीत धरली. “जाड आहे. घाण अडकेल.” दुसरीवर मासेवाल्यानं व्हिनेगरचा थेंब टाकला. ती ढिम्म. “नदीची दिसते, शिंपल्यांचा चुरा नाही यात,” मास्तर म्हणाले, “नको.” तिसरी मिठासारखी बारीक होती आणि थेंब पडताच फसफसली. ती मास्तरांनी चार वेळा चोळून पाहिली.

“मास्तर, वाळू आहे ती, सुटाचं कापड नाही. उलटसुलट काय बघताय?”

“अस्तर दिसत नाही म्हणून काय वाट्टेल ते लावायचं?”

“बरं, न्या हीच. पण जुनीतली मूठभरसुद्धा मिसळू नका हं. ढवळली गेलीय, तुमच्या हातांनाही सडक्या अंड्यासारखा वास मारतोय. मासा जाईल.”

गिऱ्हाइकाला ‘बुधवारी नक्की’ म्हणताना डोलावतात तशी मास्तरांनी मान डोलावली. दुकानात येऊन जुनीतली एक मूठ घातलीच. ती वाळू तिनं स्वतःच्या हातानं पसरली होती.

तीन आठवड्यांनी काचेच्या आतून वाळूत एक रेघ उमटली. बारीक, तुटक, अगदी एकसारखी. रोज ती बोटभर पुढे सरकायची. मास्तरांनी चष्मा पुसून पाहिलं. तो तुरपाईचा टाका होता. दुकानातली तुरपाई बायकोच करायची. ती डावखुरी, त्यामुळे तिचा टाका उलटीकडे कलायचा. हाही कलत होता.

“किडे बिळं करतात हो,” बघायला आलेला मासेवाला म्हणाला.

“किड्याला डावा हात असतो?”

मासेवाला हसत काचेजवळ वाकला. खाली वाळूत काळा डाग पसरला होता आणि टाके त्याच्या कडेकडेनं चालले होते, ठिगळ लावताना जातात तसे. वर मासा पाण्याबाहेर तोंड काढून धापा टाकत होता.

“मास्तर, आजच्या आज वाळू उपसा. नाहीतर वहिनींचा मासा गेला म्हणून समजा.”

 मास्तरांनी मासा अलगद बादलीत घेतला आणि बादली मासेवाल्याच्या हातात दिली. “तुझ्याकडे राहू दे. जप त्याला.”

“आणि टाकीत काय ठेवणार?”

“वाळू.”

 

मासेवाल्याला दारापर्यंत पोचवून मास्तर परतले, तोवर दोन टाके पुढे गेले होते. काम संपलं की बायको शेवटी गाठ मारून कात्रीनं दोरा कापायची. मास्तरांनी काचेला नाक लावून रेघ टोकापर्यंत तपासली. गाठ नव्हती. त्यांनी स्टूल ओढलं, आणि बसण्याआधी कात्री उचलून पार लांबच्या खणात ठेवून दिली.