डोकं भादरल्यावर

हजरतगंजातल्या त्या क्लिनिकमध्ये केस लावून घ्यायला आम्ही दोघं एकाच सकाळी गेलो होतो. मी बँकेतला माणूस, बदलीवर लखनौला आलेला. मला टक्कल आरशात बघवत नव्हतं, एवढंच माझं कारण. शेजारच्या खुर्चीतले पन्नाशीचे गृहस्थ मात्र खिशातून स्वतःचा जुना फोटो काढून पुन्हा पुन्हा आरशाशेजारी धरत होते. त्यांच्या अम्मांना विसरण्याचा आजार होता. टकलामुळे त्या मुलाला आपला नवराच समजायच्या आणि लाजून पदर पुढे ओढायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"बाल आ जाएँ, तो शायद पहचान लें," ते म्हणाले. मग आमची डोकी भादरली गेली.

दहाव्या दिवशी खपल्या धुवायला गेलो, तर ते तिथंच होते. डॉक्टर समजावत होते, की लावलेले केस आधी गळतील, घाबरायचं नाही, नवे नीट वाढायला वर्ष लागेल. मी प्रश्नांवर प्रश्न विचारले. त्यांनी एकही विचारला नाही. वर्षाचं ऐकून फोटो तेवढा पाकिटात सरकवला.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अम्मा कैसी हैं?"

"पहचान लिया, भाई साहब." टोपीची कड ते बोटांनी चाचपत राहिले. "मुंडा सिर देखा, तो गले लगाकर रोने लगीं. बोलीं, बेटा, बाबूजी कब गए?"