पिराजी मिस्त्रीचं नाक

मंगळवार पेठेत माझं स्पेअर पार्टचं दुकान आणि शेजारी पिराजी मिस्त्रीचं गॅरेज. चारी चाकांना ओढ असलेली, डोंगर चढणारी जुनी जीप घ्यायची म्हटलं की माणसं आधी पिराजीला सोबत न्यायची. कारण जुनी जीप विकणारा लग्न जमवणाऱ्या मध्यस्थापेक्षाही गोड बोलतो.

पिराजीची पद्धत ठरलेली. इंजिन गार असतानाच बघणार. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर तिथूनच माघारी फिरणार. रेडिएटरचं झाकण काढायचं, गाडी चालू करायला लावायची आणि पाण्यावर नाक धरायचं. पाण्याला धुराचा वास आला की इंजिनच्या डोक्यावरचं हेड नाहीतर त्याखालचं गॅस्केट गेलेलं, सिलिंडरमधला गॅस पाण्यात शिरतोय. ऑइलची कांडीही तो अशीच हुंगायचा. मग फडक्याला हात पुसत एकच शब्द, "घ्या" किंवा "नगं". विकणाऱ्याच्या दारात तो चहासुद्धा प्यायचा नाही. असला ताठ माणूस शेजारी असणं हा माणसाला तापच असतो, पण मला त्याचा अभिमान होता.

साथीच्या वर्षी त्याला ताप आला. आठवड्यात बरा झाला, आम्ही हुश्श केलं. पुढं एकदा गॅरेजमागच्या त्याच्या घरी गेलो तर घरभर करपल्याचा वास आणि हा पठ्ठ्या शेगडीला पाठ करून निवांत पेपर वाचतोय. त्याची बायको आक्काताई धावत आली, दुधाचं काळं भांडं उतरवलं आणि माझ्याकडं असं बघितलं की मी काही विचारलंच नाही. पिराजीला वास येत नव्हता. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो आलाच नाही.

"अरे, मग लोकांना सांगून टाक की," मी म्हणालो.

"काय सांगू? पिराजीचं नाक गेलं म्हणून? मग माझ्याकडं ऱ्हायलं काय?"

आणि तो तसाच हुंगत राहिला. नुसतं दाखवायला. डोळ्यांवर, कानांवर आणि नशिबावर बरेच दिवस निभावलंही.

मग कागलचा सम्मेद आला. जैन शेतकरी घरातला, सरळ पोरगा. शाहूवाडीच्या डोंगरात त्यानं भाताची जमीन घेतली होती आणि पावसाळ्यात तिथल्या चिखलातून साधी गाडी जात नव्हती. त्यानं एक जुनी जीप पसंत केली होती. मीही सोबत गेलो. इंजिन गार होतं, रंग नवा होता, रेडिएटरमध्ये हिरवंगार कूलंट. पिराजी वाकला, हुंगला, उठला.

"घ्या."

मला आजही त्याचा राग येतो. झाकण काढून थोडा वेळ थांबला असता तर पाण्यात फुगे दिसले असते. रेडिएटरचा वरचा रबरी होज दाबून बघितला असता तर गार इंजिनावरही तो कडक लागला असता. चढावर एक फेरी मारली असती तर तापमानाचा काटाच बोलला असता. हे त्याला येत नव्हतं का? चांगलं येत होतं. पण एवढा वेळ लावला असता तर कुणीतरी विचारलं असतं, मिस्त्री, आज काय झालंय तुम्हाला? तेवढ्या एका प्रश्नाला तो भ्याला.

सम्मेद आईला, पद्मावतीबाईंना, जमीन दाखवायला घेऊन निघाला. घाटाच्या मध्यावर काटा लाल पट्ट्यात गेला, बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन जाम झालं. गुडघे धरून ती म्हातारी चिखलातून खालच्या रस्त्यापर्यंत चालत आली. जीप दोरीनं ओढून पिराजीच्याच दारात आणली.

रेडिएटर सोडवला तर आत पिवळा गाळ. हळद! रेडिएटर गळायला लागला की हळद टाकायची ही जुनी युक्ती. हळद फुगते, भोक बुजवते आणि बारीक नळ्याही बुजवते. वरून कूलंट ओतलं की रंग लपतो, वास मात्र लपत नाही. शिजलेल्या हळदीचा तो उग्र वास मला माझ्या गल्ल्यावर बसून आला. हेड उतरवलं तर त्याला तडा, आणि तड्यात जुनी काजळी. म्हणजे दुखणं आधीचंच.

सम्मेदनं गाळ बोटावर घेतला. "मामा, ह्यो वास तुमाला आला न्हाय?"

पिराजी फडक्याला हात पुसत राहिला.

"मग किती दलाली खाल्लासा त्येच्याकडनं?"

गल्लीतली माणसं थांबली. मी खरं सांगायला उठलो तर पिराजीनं माझं मनगट घट्ट धरलं.

"खाल्ली," तो म्हणाला. "चुकलं माझं."

सम्मेद शिवी देईल असं वाटलं होतं. त्यानं बोट पँटला पुसलं. "आई म्हणत हुती, मिस्त्रींनी बघितलीया, काळजी न्हाय," एवढंच बोलला आणि गेला.

मी पिराजीवर ओरडलो. तो म्हणाला, "लबाड म्हणून चार दिवस शिव्या देतील. पर नाक गेलं म्हटलं की संपलंच की सगळं."

"आन् मला नळावर बायका काय म्हणतील, त्येचा इचार केलासा?" दारातून आक्काताई म्हणाली. त्यानंतर ती त्याच्याशी बोलेनाशी झाली. मलाही दोघांमध्ये पडायचं धाडस झालं नाही.

गिऱ्हाईक तुटलं. दिवसचे दिवस पिराजी रिकाम्या गॅरेजात पाने-पकडी पुसत बसायचा. मग एका सकाळी जोतीराम आला. जुन्या गाड्यांचा दलाल; याच पिराजीनं त्याच्या कित्येक गाड्या नाकारल्या होत्या. आज तो हसत हसत आत शिरला.

"मिस्त्री, तुमीबी आमच्यातलंच निघालासा की! आदी सांगायचं न्हवं? उद्या एक पावणं जीप बघाय येणार हाईत. तुमी नुसतं शेजारी हुबं ऱ्हावा. तुमचं नाव ऐकलं की ते घेत्यात."

मला वाटलं, आता हा पाना फेकून मारणार. मी उठून उभासुद्धा राहिलो. पिराजीनं पाना खाली ठेवला. घराच्या बंद दाराकडं बघितलं.

"तपासायचं काय न्हाय न्हवं?" त्यानं हळूच विचारलं.

"कायबी न्हाय."

"मग येतो," पिराजी म्हणाला.