गुरुजींचा अर्धवट जिना

जिन्याच्या कामाचा राडारोडा ट्रॅक्टर येऊन घेऊन जातो, किस्से मात्र आमच्याच डोक्यात साचत राहतात! जव्हार-मोखाड्यात आमची तिघांची टोळी जुने जिने नव्या आवरणासाठी, म्हणजे रबर नाहीतर लादीसाठी, तयार करते. मी, मालती, कामं ठरवते आणि ओरडते. यशवंतदादा लाकूड बघतात, सविता छिन्नी-हातोडी चालवते. पण जव्हारच्या गुरुजींच्या घरी एवढं काय काय झालं, की बाकीची घरं फिकी पडली.

गुरुजींचा जिना खाली काँक्रीटचा, वर लाकडाचा. काँक्रीटवर लाल, गुळगुळीत कोबा. रिटायर झाल्यापासून गुरुजी त्याला खोबरेल लावून घासायचे, तोंड दिसेल इतका चकचकीत! त्यावरूनच त्यांच्या बायको, आमच्या काकू, घसरल्या. पाय बरा झाला, पण त्या वरच्या खोलीतून खाली यायलाच तयार नव्हत्या.

"मालतीबाई, वर रबर बसवा, खाली न घसरणारी लादी बसवा, काहीही करा," गुरुजी म्हणाले, "पण ती खाली आली पाहिजे."

मला तर बाई कसंतरीच झालं.

* * *

यशवंतदादांची रीत अशी, की लाकडी जिना आधी अनवाणी चढायचा. एखादा खिळा वर राहिला तर तो नवं रबर फाडतो. गुरुजींना वाटलं, हे भक्तिभावानं चपला काढतायत.

"अहो, देऊळ नाही ते!"

"खिळा डोळ्याला दिसत नाय गुरुजी, पायालाच कळतो," दादा गंभीरपणे म्हणाले, पुढची पायरी चढले आणि ओरडले, "आई गं! सापडला!"

वरून काकूंचं खळखळून हसणं ऐकू आलं. गुरुजींनी वर पाहिलं. "बऱ्याच दिवसांनी हसली," म्हणाले, आणि मग हळूच दादांना, "आणखी एखादा आहे का बघा ना!"

* * *

लाकडाच्या भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती वरून खाली भरत यायचं. शेंबड्या पोरालाही कळेल! पण सविता खालून भरत वर गेली आणि लांबी वाळेपर्यंत वरच अडकली. मी खालून शिव्या घालतेय, आणि वर काकू तिच्या डोक्याला तेल लावतायत!

"काकू, तुम्ही खाली का नाय येत?" सवितानं विचारलं.

"यायचंय गं. पण पायाला भरवसा नाय वाटत."

संध्याकाळी सविता खाली उतरली ती दोन घट्ट वेण्या घालून. मी झापायला तोंड उघडलं, तर म्हणते कशी, "मालतीवहिनी, उद्या तुम्ही अडका!"

* * *

गुळगुळीत कोब्यावर लादीचं सिमेंट धरत नाही, म्हणून कोबा छिन्नीनं टोचून खडबडीत करावा लागतो. सविता टोचत टोचत आली आणि गुरुजी मध्ये आले.

"ही पायरी मला दे. इथंच पडली ती."

पहिला घाव कोब्यावर, दुसरा अंगठ्यावर!

"लागलं का हो?" काकू खोलीतून लगबगीनं जिन्याच्या तोंडाशी आल्या.

गुरुजी अंगठा धरून वर बघत राहिले. "नाही गं. तू उभी राहा जरा तिथंच."

* * *

वरच्या लाकडावर रबर बसलं. खालच्या टोचलेल्या पायऱ्या झाडून, धुऊन तयार झाल्या. लादी दुपारनंतर लावायची होती. गुरुजींनी आमच्यासाठी बटाट्याची भाजी केली होती, म्हणून सगळे मागच्या ओट्यावर जेवायला बसलो.

तेवढ्यात मागून आवाज आला, "भाजीत मीठ नाय वाटतं? सगळे गप्प जेवतायत."

काकू! दारात उभ्या, अनवाणी!

गुरुजींच्या हातातला घास हातातच राहिला. "अगं, तू खाली कशी आलीस?"

"पायांनी! आता पायरी पाय धरून ठेवते की! सूर्यमाळला माहेरी खडकावरून उतरायचे, तशीच आले."

गुरुजी आमच्या सगळ्यांसमोर रडले. मीही रडले, त्यात लाज कसली!

लादी काकूंनी लावूच दिली नाही. परवा उरलेलं सामान न्यायला गेले, तर मोखाड्याहून गुरुजींचे पाहुणे आलेले. त्या टोचलेल्या पायऱ्या बघून पाहुणे म्हणाले, "काय गुरुजी, कामगार काम अर्धवट टाकून पळाले वाटतं!"

माझं डोकंच फिरलं. पदर खोचून मी पुढे झाले, तेवढ्यात वरून काकू कडाडल्या, "मालती, तू गप्प बस! मीच खाली येऊन सांगते त्यांना!"