स्कूटरचा बल्ब आणि शेठजींचा दोष

माझे विमान तापीत पडले नाही. प्रकाशा गावाच्या पुलावरून ते बुडताना पाहिल्याचे सांगणारे तीन गृहस्थ शहाद्यात आहेत. त्या सकाळी तिघेही लोणखेड्याच्या मोकळ्या शेतात माझ्या पाठीमागे उभे होते. विमान पडले ते शेजारच्या पपईच्या बागेत. इंजिन बंद पडल्याचेही काहीजण सांगतात. तेही खोटे. इंजिन अखेरपर्यंत उत्तम चालले, आणि खरे संकट तेच होते.

या दोन्ही कथा मी हसून सोडल्या असत्या. तिसरी सोडणार नाही: शेठजींच्या पूजेने विमान पाडले, ही.

शेठजी माझे तीस वर्षांचे मित्र, मोटारपंपांचे दुकानदार. घराणे मूळचे राजस्थानचे, पण त्यांची अहिराणी माझ्यापेक्षा अस्सल. मी निवृत्त कार्यशाळा-शिक्षक. पेट्रोलवर चालणारे आणि रेडिओने उडवायचे ते विमान आम्ही दोघांनी त्यांच्या दुकानाच्या मागल्या खोलीत बांधले. भांडलो ते फक्त बॅटऱ्यांवरून.

"गुरुजी, दोन कसाले? एकच मोठी टाका ना! मन्ही दुकानमा हत्ती चाले अशी बॅटरी शे."

"शेठ, आपल्याला हत्ती उडवायचा नाही."

एक बॅटरी इंजिनाच्या ठिणगीसाठी. दुसरी रिसीव्हरसाठी, म्हणजे जमिनीवरून दिलेली आज्ञा ऐकणाऱ्या आणि त्याप्रमाणे पंख-शेपटीची पाती हलवणाऱ्या यंत्रणेसाठी. ठिणगीचा उपद्रव रिसीव्हरला पोहोचू नये म्हणून दोन्ही वेगळ्या, एकमेकींपासून दूर. रिसीव्हरसाठी मी निकेलची पाच सेलांची बॅटरी निवडली, कारण तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. तिच्यात एक खोट आहे. थोडा विसावा मिळाला की रिकामी होत आलेली बॅटरीही मीटरवर भरल्यासारखा आकडा दाखवते. म्हणून माझा नियम असा, की उड्डाणापूर्वी तिला जुन्या स्कूटरचा सहा व्होल्टचा बल्ब जोडायचा, दहापर्यंत मोजायचे आणि बल्ब जळत असतानाच मीटर वाचायचे. भार पडला की खरे काय ते कळते. शेठजी यावर दर वेळी विचारीत, "गुरुजीनी आरती व्हयनी का?"

दसऱ्याला तराजू, मीटर, पाने-पक्कड यांच्याबरोबर विमानही पूजेत असावे, ही त्यांची इच्छा. मी ते आदल्या दिवशी चार्ज करून दिले. पूजेतले यंत्र निजलेले नसावे, हा त्यांच्या वडिलांपासूनचा रिवाज. म्हणून त्यांनी रिसीव्हरची कळ चालू केली. लहानसा लाल दिवा झेंडूच्या माळेत दिवसभर जळत राहिला. संध्याकाळी दुकान वाढवताना त्यांनी कळ बंद केली.

इथपर्यंतची हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पुढची महिनाभर फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती.

दुसऱ्या सकाळी शेतात कॉलेजची मुले जमली होती आणि मी त्यांना विमान समजावून देत होतो. शेठजी माझ्या कानाशी आले. "गुरुजी, काल दिनभर कळ चालू व्हती. पहिले बल्ब लावा."

मीटर भरलेला आकडा दाखवत होते. एवढ्या लोकांपुढे खिशातून स्कूटरचा बल्ब काढणे मला कमीपणाचे वाटले. मी मोठ्याने म्हणालो, "शेठ, आकडा दिसतो ना? नाहीतर चष्मा बदला." मुले हसली. बल्ब खिशातच राहिला.

चौथ्या फेरीत विमानाने माझे ऐकणे सोडले. रिसीव्हरची बॅटरी संपली होती. इंजिनाची वेगळी बॅटरी मात्र ताजी होती, आणि त्या जोमात इंजिन विमानाला थेट पपईत घेऊन गेले. कोणाला इजा झाली नाही. डावा पंख मोडला.

लोक धावत आले. मी तोंड उघडण्यापूर्वी शेठजी म्हणाले, "मन्ही चूक व्हयनी. पूजामा कळ चालू ऱ्हाई गयी." मला सावध केल्याबद्दल चकार शब्द त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही. आयुष्यभर प्रत्येकाशी वाद घातलेला मी, तेवढ्या एका प्रसंगी गप्प बसलो.

नंतर चहाच्या टपरीवर त्यांना विचारणारे निघाले, "शेठ, आज कोनी पूजा?" ते हसत. पण शेताकडे येणे त्यांनी बंद केले.

महिन्याभराने, भर दुपारी, दुकानात पाच-सहा गिऱ्हाइके असताना मी तिथे गेलो आणि वरील सगळी हकीकत उभ्यानेच सांगितली.

"जाऊ द्या ना, गुरुजी," शेठजी वायरच्या बंडलाशी चाळा करीत म्हणाले.

"जाऊ देणार नाही. नवी बॅटरी काढा."

त्यांनी काढली. मी खिशातला बल्ब पुढे केला. तो त्यांनी स्वतः जोडला, दहापर्यंत मोजले आणि मीटर डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचले.

"चष्मा बदली लिन्हा मी," ते म्हणाले. "आते बरोबर दिखस."

मग त्यांनी गिऱ्हाइकांना संध्याकाळी यायला सांगितले आणि भर दुपारी शटर अर्धे खाली ओढले. तीस वर्षांत मी ते प्रथमच पाहिले. मागल्या खोलीत मोडका पंख टेबलावर होता. त्यावरची धूळ कोणीतरी रोज पुसत असावे.