पुंडलिकबाब आणि समोरचा डोंगर

श्री. पुंडलिक गावस यांना मी पहिल्यांदा पाहिले ते तेरेखोल नदीवरच्या फेरीबोटीत. आमचे घर नदीच्या वरच्या अंगाला, सिंधुदुर्गाच्या हद्दीत. नोकरी तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात. रोज फेरीने केरीला उतरायचे आणि पुढे बसने जायचे. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. एका संध्याकाळी परतताना बोट केरीच्या धक्क्याला उभी होती, गाड्या चढायच्या होत्या, आणि खाकी कपड्यांतले एक खलाशी दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून पलीकडचा किल्ला कागदावर उतरवत होते. मी आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेला. रेघ म्हणजे काय हे आपल्याला कळते, अशी माझी समजूत होती. मी मागून म्हणालो, "तटाची रेघ वाकडी गेली तुमची."

त्यांनी मान वर केली नाही. "तट वाकडोच आसा. बघ."

मी पाहिले. तट खरोखरच एका जागी खचून वाकलेला होता. वर्षभर मी त्याच्यासमोरून जात-येत होतो आणि मला तो कधी दिसला नव्हता.

"उद्या वही घेवन ये," ते म्हणाले आणि दोर सोडायला उठले.

पुंडलिकबाबांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत असताना हा गौरवग्रंथ निघतो आहे. फेरीवर त्यांच्याकडून चित्र शिकलेले आम्ही पाच-सहा जण, त्यांचे जुने सहकारी आणि गावकरी असे सगळे मिळून तो काढत आहोत. संपादकांनी मला कळवले की लेख प्रसन्न असावा. मी प्रयत्न केला. तो लेख फाडून हा लिहीत आहे, कारण खोटे चित्र त्यांना कधीच चालले नाही.

त्यांचे गाव डिचोली तालुक्यात. गोवा मुक्त झाला तेव्हा ते बारा वर्षांचे होते. गावात मराठी शाळा सुरू झाली आणि तिथल्या मास्तरांनी त्यांच्या हातात पहिला रंगाचा डबा दिला. पुढे चतुर्थीच्या आधी गावातल्या मूर्तिकारांच्या चित्रशाळेत बसून ते गणपतीचे डोळे आणि शेले रंगवू लागले. कलाशाळेत जायची फार इच्छा होती. पण वडील अंथरुणाला खिळले आणि घरातल्या थोरल्या मुलाने सरकारी फेरीवर खलाशाची नोकरी धरली. जलरंग ते एकटेच शिकले. मूर्तीचा रंग झाकणारा असतो, चुकले तर वरून दुसरा हात देता येतो. जलरंगात झाकायला काही नसते. खालचा कागदच उजेड देतो आणि केलेली चूक तशीच राहते. हे कळायला आपली सात वर्षे गेली, असे ते सांगतात. सगळे लोक त्यांना चित्रकार म्हणतात तेव्हा ते संकोचतात. "मी खलाशी. चित्रां काढूक शिकतंय," एवढेच म्हणतात. निवृत्तीनंतरही त्यांनी या वाक्यात बदल केलेला नाही.

त्यांची शिकवण्याची पद्धत फेरीच्या वेळापत्रकावर चाले. बोट समोरच्या काठाला जाऊन परत येईपर्यंत जेवढे काढता येईल तेवढे काढायचे. पहिले सहा महिने नुसती पेन्सिल. एक माणूस, एक गाठोडे, नांगराची साखळी. बोट आली की वही मिटायची, चित्र अर्धे असले तरी. नंतर एकच रंग, भाजक्या मातीसारखा तपकिरी, आणि पाण्याचा कोप, म्हणजे पेला. पुठ्ठा तिरका धरून वरून खाली पातळ रंगाचा सपाट थर, म्हणजे वॉश, द्यायचा, ओघळ न मोडता कुंचल्याने खाली आणायचा. मला घाई फार. ओल्या वॉशमध्ये पुन्हा कुंचला घातला की डागांची फुले उमटत. पुंडलिकबाब माझे मनगट धरायचे. "सुकांदे आधी. तुझा काम झाला, आता पाण्याचा काम." असे किती कागद मी नासवले याला गणती नाही. त्यांनी एकदाही तोंड वाकडे केले नाही. उलट स्वतःचा चांगला कुंचला मला देऊन ते टोक झडलेल्या कुंचल्याने काम करत.

चित्र विकण्याचा विषय त्यांनी कधी काढला नाही. तेरेखोलला येणाऱ्या एका पर्यटक बाईंना त्यांचे किल्ल्याचे चित्र फार आवडले. फक्त आभाळ करडे होते, तिथे सूर्यास्ताचा तांबडा रंग द्याल का, असे त्यांनी विचारले. पुंडलिकबाब हात जोडून म्हणाले, "त्या दिसा मळब होता, बाय. तांबडा आभाळ खंयसून हाडू?" बाई हसून गेल्या. चित्र पुन्हा पिशवीत गेले.

सुटीच्या दिवशी ते मला गावी घेऊन जात. घरामागे त्यांचे कुळागर होते. सुपारी, केळी, मिरीचे वेल, आणि मधून वाहणारा पाण्याचा पाट. ते पाणी वरच्या डोंगरातल्या झरीचे. अंगणात बसले की तो डोंगर समोर यायचा. पुंडलिकबाबांनी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा काही काढले असेल तर तो डोंगर. चैत्रातला, आषाढातला, काजू मोहरल्यावरचा. मीही तोच काढत शिकलो. मालतीवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, खिडकीतून डोकावून विचारायच्या, "अजून झालो नाय तुमचो डोंगर?" ते म्हणायचे, "नाय. आज वेगळो दिसता."

यापुढचे लिहायला मला जड जाते.

तीन वर्षांनी कारखान्यातली माझी नोकरी सुटली. डिचोली भागात एका खाणीच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन हवा होता. मुलाखतीला मी प्रमाणपत्रे नेली आणि सोबत माझी चित्रांची वही नेली. साहेबांनी प्रमाणपत्रे बाजूला ठेवून वही चाळली. डोंगराच्या उतारावर पावसाने उघडी पडलेली तांबडी माती मी थरांसकट काढली होती. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "नजर चांगली आहे." मला नोकरी मिळाली. पुंडलिकबाबांना सांगितले तेव्हा त्यांनी मला मिठी मारली, आणि वहिनींनी शिरा केला.

दुसऱ्या वर्षी एक नवीन काम टेबलावर आले. खाणीसाठी घेतलेल्या नव्या पट्ट्याचा नकाशा आणि डोंगराचे उभे छेद काढायचे होते. सर्वेक्षणाचे आकडे मांडू लागलो तेव्हा तिसऱ्या छेदाला हात थांबला. तो उतार मला पाठ होता. झरीची जागा, काजूचा टेंभा म्हणजे उंचवटा, सगळे आपोआप ओळखता आले. मी उठून बाहेर गेलो, चहा प्यालो, परत आलो आणि नकाशा पूर्ण केला. मी नसतो तर दुसऱ्या कोणी काढला असता, असे मी त्या दिवशी स्वतःला सांगितले आणि पुढे कितीतरी वर्षे सांगत राहिलो. ते खरेही आहे. पण त्या कागदावरची रेघ माझी होती. मी पुंडलिकबाबांना काही सांगितले नाही. त्यांना आधी कळले असते तर त्यांनी गावात निदान दोन माणसे गोळा केली असती. मी त्यांना तेवढीही संधी दिली नाही.

नकाशाची प्रत पंचायतीच्या भिंतीवर लागली. आठ दिवसांनी पुंडलिकबाब माझ्या खोलीवर आले. बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "पंचायतीत बघलंय. अक्षरां तुझी, ओळखलंय." मी खाली मान घातली. ते म्हणाले, "तुझी रेघ बरी आयली रे, सदा." त्या आवाजात टोमणा नव्हता. विद्यार्थ्याचे काम बघून गुरू जे सांगतो ते त्यांनी सांगितले आणि चपला घालून निघून गेले. मी दारापर्यंतही गेलो नाही.

मशिनी आल्या. आधी वरचे रान गेले, मग डोंगराचा माथा. झर पहिल्या उन्हाळ्यात बारीक झाली, तिसऱ्या उन्हाळ्यात आटली. पाटात पाणी नाही म्हटल्यावर सुपारीची झाडे, पोफळी, शेंड्यापासून वाळू लागल्या. हे मी बघितले नाही, गावच्या लोकांकडून ऐकले. चार वर्षे मी त्या घरी पाऊल टाकले नाही. चित्रे काढणेही सोडले. दिवसभर हाताखाली कागदच असायचा, पण तो वेगळा.

शेवटी मालतीवहिनींचा निरोप आला की, एकदा येऊन जा. मी गेलो. पुंडलिकबाब अंगणात त्याच जागी बसले होते. पुढ्यात पुठ्ठा. समोर अर्धा उरलेला डोंगर, पायऱ्या पायऱ्यांनी कापलेला, आणि त्यावर पिवळ्या मशिनी. ते दर रविवारी तो काढत होते, तो संपत चालला होता तसतसा. वहिनी म्हणाल्या, "आयलस? बस. जेवल्याबगर जावचा नाय." पुंडलिकबाबांनी सरकून मला जागा दिली, कागद दिला.

मी पेन्सिल घेतली आणि जुना डोंगर काढू लागलो. माथा, टेंभा, रान. डोळे मिटूनही आला असता. त्यांनी माझा कागद उलटा केला.

"आठवणीतलो नको. समोर आसा तो काढ."

"पुंडलिकबाब, माझ्याने नाही होणार."

"होतला. मशीन पण काढ. पिवळो रंग आसा माझ्याकडे."

मी काढले. खाणीची तांबडी धूळ ओल्या वॉशवर बसत होती आणि आभाळ गढूळ होत होते. ते पुसू का, असे मी विचारले. "ऱ्हवांदे. ती थंय आसाच," ते म्हणाले. माझ्या आयुष्यातले ते पहिले बरे चित्र, असे ते मानतात. मी ते घरी नेले नाही.

पुढे खाण बंद पडली, माझी नोकरीही गेली. त्या काळात मी माणसांत बसेनासा झालो होतो. पुंडलिकबाब निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे. तरी दोन बस बदलून दर आठवड्याला माझ्याकडे यायचे आणि मला बाहेर काढायचे. फोंड्याच्या बाजारात, देवळाच्या तळीवर, कुठेही. "चल, बसून काढूया." मी काढत नसलो तरी शेजारी बसवून ठेवायचे. ज्याच्या कागदामुळे त्यांचे पाणी गेले त्याला त्यांनी असे सांभाळले. याला काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. मला त्याने बरे वाटले नाही, हेही सांगायला हवे. जिवंत मात्र राहिलो.

आज काय उरले आहे, ते सांगतो. डोंगराच्या जागी खड्डा आहे, त्यात हिरवे पाणी साचले आहे. कुळागरात पोफळीचे नुसते सोट उभे होते, तेही पडले. चाळीस वर्षांची चित्रे पेटाऱ्यात होती. अर्धी बुरशीने खाल्ली, उरलेल्यांना वाळवी लागली. या ग्रंथात छापायला धड अकरा चित्रे मिळाली. आणि काचबिंदूने पुंडलिकबाबांची नजर गेली. उजवा डोळा पूर्ण, डाव्यात कडेला थोडा उजेड. तरीही ते अंगणात बसतात. मी गेलो की मला काढायला लावतात आणि विचारतात, पाणी आज कसले हिरवे आहे? मी एकदा चिडून म्हणालो, "आता कशाला काढायचे?" ते म्हणाले, "माका दिसणा नाय म्हणान तुकाय दिसूचा बंद झाला?"

हा लेख छापण्याआधी मी त्यांना वाचून दाखवला. त्यांची परवानगी हवी होती. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मी एके ठिकाणी त्यांना थोर म्हटले होते, तो शब्द काढायला लावला, काढला आहे. नकाशाच्या भागावर काहीच बोलले नाहीत. मालतीवहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या वर्साक हे धड जेवले नाय रे. म्हयनोभर. रात-दीस त्या पंचायतीच्या कागदाबद्दल बोलत. म्हणत, माझ्याच हातान शिकयलंय."

"कित्याक सांगतस ता आता?" पुंडलिकबाब वहिनींना म्हणाले.

एवढी वर्षे ते वाक्य त्या घरात होते आणि माझ्यापर्यंत त्यांनी ते येऊ दिले नव्हते. मी त्यांच्या पायांवर डोके ठेवले. त्यांनी चाचपडत माझा खांदा शोधला आणि त्यावर हात ठेवला, इतकेच.

अशा वेळी शंभर वर्षांचे आयुष्य मागायची रीत आहे. गेलेली नजर आणि आटलेली झर परत मागण्यात अर्थ नाही, ते मी जाणतो. पुंडलिकबाबांचे गुडघे कमी दुखोत, मालतीवहिनींचा सहवास त्यांना शेवटपर्यंत लाभो, आणि डाव्या डोळ्यातला तो थोडा उजेड टिको. त्यांनी खूप वर्षे जगावे, ही माझी प्रार्थना आहे, आणि ती स्वार्थी आहे. या एवढ्या वर्षांत ते माझ्यावर एकदाही रागावलेले नाहीत. एक दिवस त्यांनी रागवावे, जे गिळले ते सगळे माझ्या तोंडावर बोलावे. तोवर त्यांना आयुष्य मिळो, आणि त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसलेला असो.