रागाचे वर्ग

पुण्याजवळ मांजरी गावातल्या आमच्या सोसायटीत इंदुबाई कधी कुणाशी गोड बोलल्या, असं शपथेवर सांगणारा माणूस मिळायचा नाही. शाळेतून निवृत्त झाल्या तरी कपाळावरची आठी काही निवृत्त झाली नाही. त्यांचा भाऊ येरवड्याला. लोक हळूच विचारत, तुरुंगात की वेड्यांच्या इस्पितळात?

"तुरुंगात. एका शिवीपायी सुरा चालवला. आपलं कोण कुठं आहे?"

विचारणारा काढता पाय घ्यायचा.

तेव्हा खराडीत आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या, आणि इकडे नुसतं रोखून बघितलं म्हणून पोरं एकमेकांची डोकी फोडत होती. बाईंनी पार्किंगमध्ये फळा टांगला: 'रागाचे वर्ग. मुलांसाठी. मोफत.'

मोफत म्हटल्यावर सोसायटीतल्या पूर्णिमाबाई चौकशी कशाला करतील? कंपनीत मोठा हुद्दा, पण टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धांनी डोकं फिरलेलं. त्यांनी आपल्या तेजसला, चांगल्या मिसरूड फुटलेल्या पोराला, झब्बा घालून वर्गात आणून बसवलं. वर बाईंना सांगितलं, यमनपासून सुरू करा.

वर्गात गावातला माऊली होता. तो जो हसला, ते हसू गावभर झालं. तेजस दिसला की कुणीतरी ओरडायचं, सा लाव रे.

एका संध्याकाळी तेजस लोखंडी गज घेऊन माऊलीच्या वाटेत उभा राहिला. माऊलीबरोबर त्याची टोळी. कुणीतरी बाईंना सांगितलं; बाई तरातरा आल्या आणि मधे उभ्या राहिल्या. वर्गाचा नियम असा, की हात उचलण्याआधी आत काय होतंय ते सांगायचं, आणि 'राग' हा शब्द वापरायचा नाही.

"काय होतंय?"

"सटकलीय माझी."

"तो रागच झाला. दुसरा शब्द."

"बाजूला व्हा, बाई."

"होते. आधी शब्द."

तेजसनं गज या हातातून त्या हातात घेतला. मग पोरगा खाली बघत म्हणाला, "लाज वाटते. घराबाहेर पडायची."

टोळीतलं कुणीतरी फिसकन हसलं. माऊली गर्रकन वळला. "ए, गप. हसायसारखं काय हाय त्यात?"

तेजसनं गज खाली टाकला.

आता दोघांनी गळाभेट घेतली, हे ऐकायला थांबला असाल तर उठा. बाईंनी मुलाला चारचौघांत मान खाली घालायला लावली म्हणून पूर्णिमाबाईंनी भांडून तो फळा काढायला लावला. आणि तेजस दिसला की माऊली अजून तोंड वाकडं करून रस्ता ओलांडतो. पण त्या तोंडातून अक्षर काढत नाही.