स्ट्रेट पूलची शिकवणी

पूल खेळायच्या काठीच्या, म्हणजे क्यूच्या, टोकाला लावायच्या निळ्या खडूचा वास आला, की कोहका वस्तीतल्या पूल पार्लरमधली ती दुपार मला आठवते. लग्नाआधी मी स्टील प्लांटच्या क्लबात स्ट्रेट पूल खेळायचे. कोणता बॉल कोणत्या पॉकेटात जाणार ते आधी सांगायचं आणि मगच मारायचं, असा तो खेळ. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा क्यू हातात घेतला, पण हाताची सवय साफ गेली होती, म्हणून चरोद्याहून येणाऱ्या एका वयस्क कोचकडे शिकायला लागले. कूलर घरघरत असायचा, दिव्याखाली हिरवं कापड तापल्यासारखं दिसायचं, माझे सोपे सोपे बॉल चुकायचे आणि ते म्हणायचे, “वा ताई, मस्त खेळून राहिल्या तुम्ही.” त्या दुपारी शेजारच्या टेबलावरच्या एका माणसाला मात्र ते सारखे झापत होते. पाय कुठे ठेवला, नजर कुठे गेली, काही म्हणता काही सोडत नव्हते. मी क्यू टेबलावर ठेवला आणि विचारलं, “मले कावून काहीच सांगत नाही?” ते हसले. “तुमाले काय बोलाचं ताई? बाईमाणसाचा जरा टाइमपास झाला, तं बरंच आहे.” “मी शिकाले येते. माझं काय चुकून राहिलं, ते सांगा.” त्यांना विचारही करावा लागला नाही. “कोपर. मारताना बाहेर जाते तुमचं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं मले.” कोपर मी पुढच्या काही दिवसांत सुधारलं, त्यांचं ते गप्प बसणं मात्र मी अजून माफ केलेलं नाही.